जो आधी येईल तो आईचा

काटेमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ते वजनकाटे दुरुस्त करत. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले. तान्ह्या बाळांचं वजन करायचा एक नाजूक काटा तर त्यांनी अख्खी दुपार मांडीवर घेऊन ठीक केला होता. मास्तर ही पदवी त्यांना चिकटली ती स्वभावामुळे. काटा दुरुस्त झाला तरी तीनदा वजन करून बघितल्याशिवाय ते उठत नसत, आणि तिन्ही वेळा आकडा गिऱ्हाइकालाच मोठ्याने वाचायला लावत. काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवायचं आणि आपण भिंतीकडे बघत उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. "मी वाचलं तर तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. तुम्ही वाचा, म्हणजे माझी गरजच नाही," असं ते म्हणत. घाईतली गिऱ्हाइकं वैतागत, पण पुढच्या वेळी त्यांनाच बोलावत.

अशा नेमस्त माणसाला एक व्यसन होतं. ना पान, ना तंबाखू. संगणकावर 'नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?' अशी सूचना दिसली की त्यांचा हात शिवशिवत असे, आणि 'हो' म्हटल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. घरचा संगणक बारा वर्षांचा, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी कार्यप्रणाली. मास्तरांच्या मते लिनक्सचा मोठा गुण म्हणजे बिघडलं तर काय बिघडलं ते निदान सांगतं. बायकोच्या मते सांगतं खरं, पण इतकं सांगतं की ऐकणाऱ्याचं डोकं उठतं.

त्या रविवारी सकाळी आठ वाजता सूचना आली. एकशे त्रेचाळीस नव्या गोष्टी. मास्तरांनी यादीवरून नजर फिरवली. त्यात डिव्हाइस मॅनेजरही होता, म्हणजे संगणकाला कुठलीही वस्तू जोडली की ती कोण, तिला काय नाव द्यायचं आणि कुणाच्या हवाली करायची, हे ठरवणारा दारावरचा कारभारी. दुपारी चार वाजता घरात एक मोठी गोष्ट ठरायची होती आणि ती सर्वस्वी याच संगणकावर अवलंबून होती. शहाण्या माणसाने अशा दिवशी संगणकाकडे पाठ करून बसावं. मास्तरांनी 'हो' म्हटलं आणि दाढी करायला गेले.

ती मोठी गोष्ट अशी. मास्तरांच्या आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, आणि पूर्वीइतकंच तिखट. ज्या बाईने सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून सगळ्या गावाचं बोलणं एकमेकांना जोडून दिलं, तिच्याकडे स्वतःचं बोलणं जोडून द्यायला कुणी नव्हतं. पहिले तीन महिने ती डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर चमचा आपटत असे. चहा हवा असला तरी तोच आवाज, दुखत असलं तरी तोच.

मग मास्तरांनी आकड्यांचे दोन छोटे कीपॅड आणले, एकाच दुकानातून, अगदी जुळे. एक स्वतःच्या कामाला. त्यावर काट्यांच्या चाचणीचे आकडे दाबले की ते थेट संगणकातल्या चाचणीवहीत वेळेसकट उतरत. दुसरा आईला, तोही लांब वायर ओढून बाहेरच्या त्याच संगणकाला जोडलेला. आईची नजर अधू, म्हणून तिच्या कीपॅडवर त्यांनी जुन्या कोटांची बटणं डकवली, आणि तेव्हापासून घरात त्याला पेटी म्हणू लागले. शून्यावर मोठं लाकडी, एकावर गुळगुळीत, दोनावर खरबरीत, असं दहाही आकड्यांवर वेगवेगळं. एक बटण दाबलं की पलंगाशेजारच्या स्पीकरमधून एक वाक्य. वाक्यं आईनेच निवडली, अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, चार दिवस घालवून.

आता वाक्यं बोलणार कोण? मास्तरांचा आवाज आईने पहिल्या झटक्यात नापास केला. शेवटी सुनेने डोक्यावरून रजई ओढून, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या लावून, माइकवर दहाही वाक्यं बोलून दिली. एक म्हणजे 'हो'. दोन म्हणजे 'नाही'. तीन, 'चहा हवाय'. चार, 'सूनबाई, इकडे ये'. पाच, 'पंखा बंद करा'. सहा, 'मला सगळं ऐकू येतंय'. सात, 'जेवण झालं का?' आठ, 'दुखतंय'. नऊ, 'खिडकी उघडा'. आणि शून्य, 'पुरे आता'. हे शेवटचं आईने तीनदा परत बोलायला लावलं. पुरेसा दरारा येत नव्हता.

तेव्हापासून त्या घरात सासू सुनेला सुनेच्याच आवाजात हाका मारू लागली. सून स्वयंपाकघरातून ओरडे, "आले, आले!" आणि आतून तिचाच आवाज तिला म्हणे, "पुरे आता." येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, ही बाई एकटीच भांडते. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट ती म्हणायची, "माझं मीच ऐकतेय ना, मग अपमान कसला?"

पण ताईला ते पटत नव्हतं. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लांब, मोठ्या शहरात एका इस्पितळाची व्यवस्था बघायची. घरात लिफ्ट, समोर डॉक्टर, मदतीला नर्स. दर रविवारी फोन करून ती आईची चौकशी करे आणि उत्तरं ऐके भावजयीच्या आवाजात. गेल्या रविवारी पेटी म्हणाली, "दुखतंय." गुडघा दुखत होता, दर थंडीत दुखतो तसा. पण ताईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही आणि सकाळी भावाला सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी चारला येतेय. आईला घेऊन जाते. हवं तर तिलाच विचारू. ती नाही म्हणाली तर माझा एक शब्द पुढे जाणार नाही."

हे ठरल्याला सहा दिवस झाले होते. सहा दिवसांत मास्तरांनी आईला चहा विचारला, पंखा विचारला, गुडघा विचारला. जायचंय का, हे विचारलं नाही. पेटी 'हो' म्हणेल याची त्यांना भीती वाटत होती. आईशिवाय घर कसं दिसेल याचं चित्र डोळ्यांसमोर आलं की ते उठून कुठल्यातरी काट्याचा स्क्रू पिळत बसत.

तर, दाढी झाली, एकशे त्रेचाळीस गोष्टी आत गेल्या, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. नेहमीपेक्षा चांगला पाच सेकंद लवकर. मास्तर खूश. आतल्या खोलीत आईने चहाचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग खूप दिवसांनी त्या घरात चमच्याचा आवाज आला.

मास्तर आत धावले. त्यांनी आधी आईची पेटी उघडली, फुंकर मारली, पुसली, मिटली. मग स्पीकर तपासला. स्पीकर ठणठणीत. मग बाहेरच्या खोलीत येऊन संगणकावरची, आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि सकाळपासूनच्या घडामोडींची नोंद वाचायला घेतली. लिनक्सने काहीच लपवलं नव्हतं. चार हजार ओळी होत्या. त्यात दोन कीपॅड आले, ओळखले गेले, नावं मिळाली, सगळं व्यवस्थित, असं स्वच्छ लिहिलं होतं. संगणकाच्या मते कुणालाच काही झालेलं नव्हतं.

"आई, दाब बरं एकदा," मास्तर ओरडले. आईने दाबलं. शांतता. "पुन्हा." शांतता.

भरीस भर म्हणून त्यांची स्वतःची चाचणीवहीही वेड्यासारखी वागू लागली. वहीत आपोआप आकडे उमटत होते. तीन. तीन. तीन. मास्तरांनी दोन शिव्या हासडल्या. मग सहा, सहा, सहा, सहा. त्यांनी आपला कीपॅड उलटा करून झटकला आणि ती भुताटकी पुसून टाकली. पाच मिनिटांनी पुन्हा आकडे. पुन्हा पुसले. एका दिवसात दोन रोग, असं त्यांचं निदान झालं.

ते आईच्या खोलीत गेले तेव्हा आईने डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि एकावर एक चढवून दाखवली.

"दोन मिनिटं?" मास्तर म्हणाले. "दोन मिनिटांत नाही होणार गं, वेळ लागेल."

आईने डोळे वटारले आणि पुन्हा बोटावर बोट चढवलं.

"बोटं दुखतायत?"

आईने तोच हात कपाळावर मारून घेतला. मास्तरांना वाईट वाटलं. बिचारी कंटाळली, असं समजून त्यांनी तिच्या पायांवर शाल टाकली. शाल आईने लाथेने उडवली, चांगल्या पायाने.

दहा वाजून गेले तेव्हा बायको हात पुसत बाहेर आली. "ताई चारला येणार. पेटी नाही बोलली तर?"

"तर काय? ताई म्हणेल, हिला बोलता येत नाही, विचारायचं काय. उचलेल आणि नेईल."

"आणि आईंना खरंच जायचं असेल तर?"

मास्तरांनी काळ्या खिडकीतली नोंद पुढे सरकवली. "तर जाऊ दे. तिथं डॉक्टर आहे, लिफ्ट आहे. इथं काय आहे? मी आहे आणि हे डबडं आहे." हे ते रागाने बोलले, पण राग कुणावर ते त्यांचं त्यांना माहीत होतं. बायको आत गेली.

बारा वाजता मास्तरांनी हात टेकले. काहीच सुचत नसलं की ते आकडे भरत. आठवड्याच्या चाचण्या वहीत उतरवायच्या बाकी होत्या. त्यांनी कीपॅड पुढे ओढला आणि पहिल्या काट्याचं वजन दाबलं. पाच.

आतून आवाज आला, "पंखा बंद करा."

मास्तर खुर्चीतून उडालेच. "चालू झाली! पेटी चालू झाली!" धावत आत गेले. आईच्या हातात चहाची कपबशी होती. पेटी हातभर लांब, तिपाईवर. आई कपावरून त्यांच्याकडे थंडपणे बघत होती. तोवर बायकोने येऊन पंखा बंद केलासुद्धा होता.

"दाबलं कोणी?" मास्तरांनी विचारलं. आईने चहाचा घोट घेतला.

काहीतरी सैल जोड असणार, असं पुटपुटत ते पुन्हा बाहेर जाऊन बसले. चार, शून्य, सात दाबलं. "सूनबाई, इकडे ये. पुरे आता. जेवण झालं का?" बायको स्वयंपाकघरातून धावत आईकडे गेली, तिथून तरातरा बाहेर आली आणि मास्तरांच्या पाठीमागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, अजून एक दाबा."

मास्तरांनी नऊ दाबलं. "खिडकी उघडा," आतली ती म्हणाली.

"तुम्ही इकडे बोट ठेवलं की मी तिकडे बोलते," बाहेरची ती म्हणाली. "आई काय मघापासून बोटं पिळून दाखवत होत्या? त्या सांगत होत्या, लाइनी उलटसुलट लागल्यात. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय?"

आईला आतून सगळं ऐकू येत होतं. तिने कप खाली ठेवला, पेटी ओढली आणि एक बटण दाबलं. मास्तरांच्या समोर, चाचणीवहीत, एक आकडा उमटला. एक. म्हणजे 'हो'.

आता मास्तरांना उमगलं. दोन्ही कीपॅडची नावं बदलली होती. त्यांचा कीपॅड आई झाला होता आणि आईचा कीपॅड ते. पेटी मुकी नव्हतीच. आई सकाळपासून बोलत होती, आणि ते तिचं बोलणं कचरा समजून पुसत होते, वर शिव्या देऊन.

पुसलेलं परत आणायची सोय त्या वहीत होती. मास्तरांनी ती कळ दाबली, आणि आईची सकाळ ओळीओळीने परत आली, प्रत्येक ओळीपुढे वेळ. आठ चाळीसला 'चहा हवाय', तीनदा. नऊ वाजता, मास्तरांनी शिव्या हासडल्या तेव्हा, 'मला सगळं ऐकू येतंय', चारदा. पावणेदहाला शाल टाकल्यावर 'पुरे आता'. मग दहा वाजून बारा मिनिटांनी ओळच्या ओळ भरून दोन, दोन, दोन. मास्तरांनी मोजले. अकरा वेळा दोन.

"दहा बाराला काय झालं होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिने जरा आठवलं. "मी विचारलं होतं, आईंना खरंच जायचं असेल तर. आणि तुम्ही म्हणालात, जाऊ दे."

भिंतीपलीकडून आईने अकरा वेळा नाही म्हटलं होतं. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि आईच्या पलंगावर बसले. "मूर्ख आहे मी," ते म्हणाले. आईने हात लांब करून पेटी दाबली. बाहेर वहीत काय उमटलं ते बघायला कुणी गेलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

आता रोग एकच उरला होता. मास्तरांनी दोन्ही कीपॅडच्या वायरी उपटल्या आणि एकीच्या भोकात दुसरी खोचली. संगणक पुन्हा सुरू केला. आईने दाबलं. "चहा हवाय," पेटी म्हणाली. बायकोने टाळी वाजवली. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण मास्तर तीनदा तोलल्याशिवाय उठत नसत. त्यांनी संगणक दुसऱ्यांदा सुरू केला. ठीक. तिसऱ्यांदा सुरू केला. आई पुन्हा वहीत गेली.

चौथ्यांदा ठीक. पाचव्यांदा वहीत. मास्तरांनी इंटरनेटवर शोधलं. नेमका हाच त्रास सात वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाला झाला होता. त्याने तो दोन पानं भरून मांडला होता आणि खाली लिहिलं होतं, 'सुटलं बरं का! सगळ्यांचे आभार.' कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. मास्तरांनी आयुष्यात फार थोड्या लोकांना मनापासून शाप दिले, त्यात हा एक.

दोन वाजता, बायकोने ताटलीतलं खाणं शेजारी आणून ठेवल्यावर, न खाता, त्यांनी शेवटी तो कागद उघडला जो आधीच उघडायला हवा होता. म्हणजे पावणेदोन वर्षांपूर्वी संगणकाच्या दारावरच्या कारभाऱ्याला स्वतः लिहून दिलेली ताकीद. जुळे कीपॅड कसे ओळखायचे याची. सगळ्यात वर त्यांनी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: 'जो आधी येईल तो आईचा. दुसरा कामाचा.'

चूक दुसऱ्या कुणाची नव्हतीच. तेव्हा त्यांना वाटलं होतं, मान आईचा पहिला. जुना कारभारीही शिस्तीचा होता. एकेका भोकापाशी जाऊन, क्रमाने हजेरी घ्यायचा. पहिल्या भोकात आई, म्हणून आई पहिली. नवा आला तो घाईचा. पाच सेकंद वाचवायला त्याने सगळी दारं एकदम उघडली, आणि जो कीपॅड आधी घुसेल त्याला आई म्हणू लागला. त्याला काय, सांगितलं तेच तो करत होता. मास्तरांनी ज्याला मान समजलं ती नुसती रांग होती.

त्यांनी ती ओळ खोडली आणि नवी ताकीद लिहिली. डावीकडच्या भोकात जो असेल तो आईचा, मग तो आधी येवो, मागून येवो, कधीही येवो. संगणक सुरू केला. ठीक. पुन्हा सुरू केला. ठीक. तिसऱ्यांदा सुरू केला आणि तिसऱ्यांदाही आई आईच राहिली. तेव्हा साडेतीन वाजले होते. मास्तर जेवायला बसणार एवढ्यात बेल वाजली. ताई नेहमीप्रमाणे वेळेआधी आली होती.

ताई आली ती थेट आईच्या खोलीत. प्रवासाने चेहरा उतरला होता, पण कणा ताठ. आईचे केस मागे सारले, गुडघा दाबून बघितला, औषधांच्या बाटल्या वाचल्या. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"आई, माझ्याकडे येतेस ना राहायला?"

आईने बोटाने चाचपून खरबरीत बटण शोधलं आणि दाबलं.

"नाही," भावजयीच्या आवाजात पेटी म्हणाली. भावजय दारात उभी होती, तोंड मिटून.

ताईने दाराकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. "मला कळतंय की बटण आईने दाबलं," ती हळू म्हणाली. "वहिनी, रागावू नका. डोक्याला कळतंय. कानाला पटत नाही. दोन वर्षं झाली, मी आईला फोन करते आणि तुम्ही बोलता. आता आईला घरी चल म्हणते आणि तुम्ही नाही म्हणता. मी काय समजू?"

"आता यात मी काय करू?" वहिनी म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पाणी दिसू नये म्हणून आवाज चढला होता. "त्यांचा स्वतःचा आवाज कुठून आणू?"

"पुरे आता," पेटी म्हणाली. हे कुणी कुणाला म्हटलं, यावरून भांडण आणखी वाढलं असतं.

मास्तर मधे पडले नाहीत. भांडणात त्यांना कधीच काही सुचत नसे. पण गिऱ्हाइकाचा काट्यावर विश्वास बसत नाही, अशी वेळ त्यांनी तीस वर्षांत हजारदा बघितली होती, आणि तिथं काय करायचं ते त्यांच्या हातांना माहीत होतं. ते बाहेर गेले. संगणकाच्या मागे हात घालून त्यांनी दोन्ही वायरी उपटल्या आणि उलट्या खोचल्या. अख्खा दिवस घालून जे सरळ केलं होतं ते दोन सेकंदांत वाकडं केलं. मग ताईला हाताला धरून बाहेर आणलं, पडद्यासमोर बसवलं, दहा वाक्यांचा तक्ता तिच्या पुढ्यात ठेवला. आतल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. आई समोरच दिसत होती.

"आता विचार," ते म्हणाले. "पेटी बोलणार नाही. आकडा इथं उमटेल. तक्त्यात बघ आणि तूच वाच. मोठ्याने." आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ताईला हा पोरखेळ वाटला. पण तिने विचारलं. "आई, माझ्याकडे येतेस?"

आईने बटण दाबलं. घरात काही आवाज झाला नाही. पडद्यावर दोन उमटला. ताईने तक्त्यावर बोट फिरवलं.

"नाही," ताई म्हणाली.

स्वतःचाच आवाज ऐकून ती जरा दचकली. मग पुढे सरकली. "इथं तुला काही कमी पडतं का? खरं सांग."

पुन्हा दोन. "नाही," ताईने वाचलं.

"माझ्यावर रागावलीस?"

या वेळी आकडा यायला वेळ लागला. आई दारातून लेकीकडे बघत होती. चेहरा उतरलेला, केस वाऱ्याने विस्कटलेले, पायातले बूटसुद्धा अजून काढलेले नाहीत. आईने पेटीवर हात फिरवला, एक बटण शोधलं आणि दाबलं. पडद्यावर सात उमटला.

ताईने तक्त्यावर बोट नेलं. "जेवण..." ती म्हणाली आणि थांबली. तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, अगदी हळू. "जेवण झालं का?"

झालं नव्हतं. सकाळी सहाला घरून निघाली होती, वाटेत कुठेही थांबली नव्हती. ताईने तक्ता बाजूला ठेवला, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडली. मोठ्या इस्पितळाची व्यवस्था बघणारी बाई लहान मुलीसारखी मुसमुसून रडली. मास्तर भिंतीकडेच बघत राहिले, कारण वळले असते तर त्यांचंही काही खरं नव्हतं.

मग वहिनीने पानं घेतली. ताई जेवली, मास्तर जेवले, सकाळपासून उपाशी होते ते आता कुणाच्या तरी लक्षात आलं. आई आपल्या खोलीतून सगळ्यांवर लक्ष ठेवून होती. ताईने जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. दिलेला शब्द तिने पाळला.

ताई निघण्यापूर्वी मास्तर वायरी सरळ करायला गेले तेव्हा ती मागोमाग आली. "ती वाक्यं मी बोलून दिली तर चालतील? माझ्या आवाजात?"

"अजिबात नाही," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझं मी ऐकून घेते. तुमच्या आवाजात 'पुरे आता' ऐकायची माझी तयारी नाही."

ताई हसली. पण ती तिथंच घुटमळत राहिली. वहिनीने हात पुसले, बाहेर आली, तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग कपाटातून रजई काढून नणंदेच्या डोक्यावरून ओढली. "एक देते," ती म्हणाली. "एकच. आणि पहिल्या खेपेला नीट बोला, आई परत बोलायला लावतात."

आईने दोनदा परत बोलायला लावलं. तिसऱ्या खेपेला गुळगुळीत बटण दाबून 'हो' म्हणाली.

त्या घरात आजही नऊ वाक्यं सून बोलते. मास्तरांनी त्यानंतर आईला विचारल्याशिवाय एकही नवी आवृत्ती घेतलेली नाही, आणि आई बहुतेक वेळा खरबरीत बटण दाबते. दुपारी एक वाजला की मात्र आतल्या खोलीतून ताईचा आवाज येतो, "जेवण झालं का?" आणि मास्तर हातातला काटा खाली ठेवून उठतात.